इंग्लंडात नवीन आलात? जीपीकडे नंबर लावण्यापासून औषध हातात पडेपर्यंत

आईला फोनवर म्हटलं, "उद्या सकाळी सर्जरीत जायचंय," आणि पलीकडे एकदम शांतता. मग, "अगं, कसली सर्जरी? सांगितलं नाहीस ते!" इथे सर्जरी म्हणजे आपला गल्लीतला दवाखाना, हे तिला पटवण्यात पाच मिनिटं गेली. तिथे बसणारा डॉक्टर म्हणजे जीपी. आपला फॅमिली डॉक्टरच म्हणा, फक्त तो घराण्याला ओळखत नाही आणि दर वेळी तोच भेटेल याची खात्री नाही.

रेडिंगला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. दर वर्षी बदली होऊन आलेली दोन-चार मराठी घरं ओळखीची होतात आणि पहिल्या थंडीत ठरलेला फोन येतो: "पोराला ताप आहे, डॉक्टर कुठे गाठायचा?" त्या सगळ्यांना जे तुकड्या-तुकड्यांत सांगते ते इथे एकत्र लिहिते. हे इंग्लंडचं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही नियम वेगळे आहेत.

आजारी पडायच्या आधी नाव घाला

आपल्याकडे दुखलं की जायचं, नंबर लावायचा, केसपेपर काढायचा. इथे केसपेपर आधी आणि दुखणं नंतर. म्हणून घराची किल्ली मिळाली की त्याच आठवड्यात नोंदणी करा. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, साइटवर पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जऱ्यांची यादी येते. प्रत्येकीची हद्द ठरलेली असते. बहुतेक ठिकाणी नोंदणी ऑनलाइन होते, नाहीतर जीएमएस वन नावाचा कागदी फॉर्म भरून द्यायचा.

रिसेप्शनवर भाड्याचा करार किंवा विजेचं बिल मागतील. असलं तर द्या, पण ते नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा, यातलं काहीही सक्तीचं नाही. आम्ही आलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. बिल नावावर यायची वाट पाहत सहा आठवडे काढले आणि त्यातच नवऱ्याला कानाचा संसर्ग झाला. हद्दीबाहेर राहता किंवा यादी भरली आहे, ही नकाराची खरी कारणं. तेव्हा कारण लेखी मागा आणि पुढची सर्जरी बघा.

व्हिसाबरोबर जो हेल्थ सरचार्ज भरलात, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व मुलांना ७७६, त्याचा जीपीशी संबंध आहे असं बरेच जण समजतात. तो पैसा हॉस्पिटलच्या उपचारांसाठी. जीपीला दाखवणं इथे सगळ्यांनाच फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा.

नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस नंबर मिळतो. मग फोनवर एनएचएस अ‍ॅप टाका आणि पासपोर्ट दाखवून ओळख पक्की करून घ्या. नेहमीची औषधं, तपासण्यांचे निकाल, पत्रं सगळं त्यात दिसतं. नव्या पेशंटच्या फॉर्मात दारू आठवड्याला किती युनिट, सिगारेट, घरात कुणाला काय, असे प्रश्न असतात. आई-वडिलांना साखर असेल तर नक्की लिहा. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका कमी वजनातही असतो, म्हणून आपल्यासाठी इथे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ पासूनच जास्त मानतात.

भारतातली औषधं चालू असतील तर एक काम आजच करा. आपण गोळीला कंपनीच्या नावाने ओळखतो आणि इथल्या डॉक्टरला ते नाव काहीच सांगत नाही. थायरोनॉर्म म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, डोलो म्हणजे पॅरासिटामॉल. पाकिटावर मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात खरं नाव आणि मिलिग्रॅम असतात. त्याचा फोटो काढून ठेवा. मुलांची लसीकरणाची पुस्तिकाही बरोबर आणा, कारण नर्स त्यावरूनच ठरवते की इथली कुठली लस राहिली आहे.

नंबर लावणं

तीन वाटा आहेत: फोन, ऑनलाइन फॉर्म, किंवा स्वतः काउंटरवर जाणं.

फोनची गोष्ट अशी. सर्जरी सकाळी आठला उघडते. त्याच दिवशीचा नंबर हवा असलेला सगळा गाव आठ वाजता फोन लावतो. आठ वाजून एक मिनिटाला लावलात तरी "तुम्ही रांगेत सतरावे आहात" ऐकू येतं. मी सात एकोणसाठला डायल करून ठेवते. गणपतीत कोकणातल्या गाडीचं रिझर्व्हेशन करताना जशी बोटं शिवशिवतात तसंच. अगदीच तातडीचं असेल तर हा मार्ग.

थांबू शकणारं दुखणं असेल तर ऑनलाइन फॉर्म बरा. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांनी हा फॉर्म कामाच्या पूर्ण वेळात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३०, चालू ठेवायचा असा नियम आहे. फॉर्म वाचून ते ठरवतात: आज बोलवायचं, पुढच्या आठवड्यात, फोनवर बोलायचं, की नुसता मेसेज पुरे. ज्यांना ऑफिसातून निघता येत नाही त्यांनी संध्याकाळच्या किंवा शनिवारच्या वेळा मुद्दाम विचाराव्यात. त्या असतात, पण बऱ्याचदा शेजारच्या दुसऱ्या सर्जरीत.

फोनवर रिसेप्शनिस्ट विचारते, "काय होतंय?" आपल्याला राग येतो. ही कोण विचारणारी, कंपाउंडरला कधी सांगितलं होतं का? पण ती चौकशा करत नाहीये. कुणाला डॉक्टरकडे, कुणाला नर्सकडे, कुणाला सर्जरीतल्याच फार्मासिस्ट किंवा फिजिओकडे पाठवायचं, हे तिला तुमच्या दोन वाक्यांवरून ठरवायचं असतं. सांगायला लाज वाटेल असं असेल तर "खाजगी आहे, बाईडॉक्टरशीच बोलायचंय" एवढं म्हटलेलं चालतं.

त्या दोन वाक्यांवर सगळं आहे. "पोट दुखतंय, अपॉइंटमेंट हवी" असं लिहिलंत तर दहा दिवसांनंतरची तारीख येईल. हेच असं लिहून बघा: "चार दिवस उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतंय. तळलेलं खाल्लं की वाढतं. काल रात्री दोनदा उलटी. ताप ३८.२. पॅरासिटामॉलने दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा. झोप लागत नाही, दोन दिवस कामावर गेले नाही." यात कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, काय करून पाहिलं आणि काय करता येत नाही, सगळं आलं. शेवटचा मुद्दा आपण हमखास गाळतो. सहन केलेलं बोलून दाखवायची सवय नाही ना. पण जिना चढवत नाही, मुलाला उचलता येत नाही, हे इथे तापाच्या आकड्याइतकंच मोजलं जातं.

आकड्यावरून आठवलं. मुलगा दोन वर्षांचा असताना मी फोनवर सांगितलं, "त्याला एकशे दोन ताप आहे." पलीकडे चिडीचूप. ती बाई सेल्सिअसमध्ये विचार करत होती, आणि एकशे दोन सेल्सिअसला पाणी उकळतं. तेव्हा थर्मामीटर सेल्सिअसवर करून ठेवा: १००.४ म्हणजे ३८, १०२ म्हणजे ३८.९, १०४ म्हणजे ४०. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ किंवा वर असेल, तर फॉर्म भरत बसू नका, लगेच फोन करा.

जीपीपर्यंत न जाता होणारी कामं

फार्मसीला इथे आपण फार कमी लेखतो. ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट योजनेत फार्मासिस्ट सात दुखण्यांवर स्वतः तपासून औषध देऊ शकतो, लागलं तर अँटिबायोटिकही: सायनस, घसा, मुलांचा कान, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटिगो म्हणजे पिवळट खपली धरणारी फोडं, नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांची लघवीची जळजळ. नंबर लागत नाही. आतल्या छोट्या खोलीत नेऊन बघतात.

रात्री-अपरात्री किंवा काय करावं कळत नसेल तर १११, हा एनएचएसचा सल्ल्याचा नंबर. चोवीस तास, फुकट. पाच वर्षांखालच्या मुलासाठी वेबसाइट नको, फोनच करा. इंग्रजीत अडखळत असाल तर फोन उचलल्यावर "मराठी इंटरप्रिटर" एवढंच म्हणा. दुभाष्याचे पैसे लागत नाहीत, सर्जरीतही नाहीत. घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. आईच्या पाळीच्या तक्रारी दहा वर्षांच्या पोराने इंग्रजीत सांगाव्यात, हे दोघांवरही अन्याय करणारं आहे.

छातीत दाब, तोंड एका बाजूला झुकलं, श्वास घेता येईना, शुद्ध हरपली, रक्त थांबेना: थेट ९९९, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर.

फिजिओ, मानसिक आरोग्याचे समुपदेशन आणि गरोदरपण यांसाठी बऱ्याच भागांत स्वतःच नाव देता येतं. दिवस गेलेत असं कळलं की सुईणीकडे, म्हणजे मिडवाइफकडे, थेट नोंदवा. दात आणि डोळे जीपीच्या कक्षेत येत नाहीत.

त्या दिवशी

दारातच एक स्क्रीन असते. जन्मतारीख टाकली की तुम्ही आलात अशी नोंद होते. ती केली नाहीत तर तुम्ही समोर बसलेले असूनही त्यांच्या लेखी गैरहजर. वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी पोचा. एकदा बस चुकल्याने मी बारा मिनिटं उशिरा गेले आणि परत पाठवलं. भांडून उपयोग झाला नाही. आणि जाणं जमणार नसेल तर मेसेजमधल्या लिंकवरून रद्द करा.

नावाचीही तयारी ठेवा. माझं नाव ज्ञानदा. पासपोर्टवर ते ‘डी, एन, वाय’ने सुरू होतं. पहिल्यांदा डॉक्टर दारात येऊन दोनदा "डिन्यांडा" म्हणाले आणि मी शेजारच्या बाईकडे बघत बसले. आता कुणी ‘डी’वर अडखळला की मी उठते.

अपॉइंटमेंट साधारण दहा मिनिटांची असते. यात एकच दुखणं मावतं. गुडघा, केस गळणं आणि मुलाचं अंथरूण ओलं करणं एकाच वेळी काढलंत तर तिन्हीचं वाटोळं. दोन गोष्टी असतील तर बसल्या-बसल्या सांगा, म्हणजे आधी काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. महत्त्वाचं ते "जाता जाता विचारते" म्हणून दाराशी सांगू नका.

डॉक्टर हसून "हाऊ आर यू?" म्हणतील. आपण सवयीने "फाइन, थँक यू" म्हणतो आणि दहापैकी अर्धं मिनिट आपणच बरे असल्याचं सांगण्यात जातं. सरळ मुद्द्यावर या. पुढे एक प्रश्न येईल जो आपल्याला खटकतो: "मी तुमच्यासाठी काय करावं असं तुम्हाला वाटतं?" माझ्या दिरांनी घरी येऊन तणतण केली होती, "मलाच कळत असतं तर ह्याच्याकडे कशाला गेलो असतो!" डॉक्टरला येत नाही म्हणून तो विचारत नाही. इथल्या जीपींना शिकवतातच तसं: पेशंटला काय वाटतंय, कशाची भीती आहे, काय हवंय. उत्तर तयार ठेवा. "वडिलांना साठीच्या आत हार्ट अ‍ॅटॅक आला होता, मला तीच भीती आहे" हे वाक्य दहा लक्षणांपेक्षा जास्त काम करतं.

आता भाषा. इंग्रजीत काम करणारी माणसंही इथे अडकतात, कारण दुखणं आपण मराठीतच दुखतो. ‘पित्त झालंय’ याला तर शब्दच नाही. छातीत जळजळ आणि आंबट वर येत असेल तर हार्टबर्न किंवा अ‍ॅसिड रिफ्लक्स, मळमळत असेल तर नॉशिया, आणि अंगावर पित्त उठलं असेल तर हाइव्ज. तीन वेगळ्या गोष्टी, आपल्याकडे एकच पित्त. चक्करही दोन तऱ्हांची: खोली फिरते ती ‘स्पिनिंग’, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते ती ‘लाइटहेडेड’. डॉक्टर हा फरक हमखास विचारतात. मुंग्यांना ‘पिन्स अँड नीडल्स’, ठणक्याला ‘थ्रॉबिंग’, पायातून चमक जाते तिला ‘शूटिंग पेन’, कणकण असेल तर ‘एकी अँड शिव्हरी’, धडधडीला ‘पॅल्पिटेशन्स’. ‘लूज मोशन’ इथे कुणालाच कळत नाही, डायरिया म्हणा. आणि छातीत भरून आल्यासारखं होत असेल तर कृपा करून ‘गॅस’ म्हणू नका. ‘टाइटनेस’ म्हणा, किंवा हात ठेवून दाखवा. गॅस आहे की आणखी काही, ते त्यांना ठरवू द्या.

तपासताना संकोच वाटत असेल तर ‘शॅपरोन’ मागा, म्हणजे सोबतीला प्रशिक्षित कर्मचारी उभा राहतो.

औषध, निकाल आणि पुढचं

बहुतेकांची पहिली निराशा इथेच होते. चार दिवस तापाने फणफणलो, रजा काढून गेलो आणि डॉक्टर म्हणतो, "व्हायरल आहे, भरपूर पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या." सुई नाही, सलाईन नाही, रंगीत गोळ्यांची पुडी नाही. त्याने तपासलं नाही असं वाटतं. त्याने तपासलेलं असतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून ते देत नाहीत, एवढंच. मात्र निघण्यापूर्वी एक विचारा: "किती दिवसांत उतरायला हवं, आणि काय झालं तर परत येऊ?" उत्तर लिहून घ्या. त्या मुदतीत उतरलं नाही तर परत जायला मुळीच संकोचू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जेसेस रूलनुसार, त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आलेल्या पेशंटचा जीपींनी नव्याने विचार करायचा असतो. "याच कारणासाठी तिसरी वेळ आहे" असं स्पष्ट म्हणा.

पॅरासिटामॉल सुपरमार्केटमध्ये एक पौंडाच्या आत मिळतं. १६ गोळ्यांचं पाकीट, आणि एका वेळी दोनच देतात. चिठ्ठीवरची औषधं कागदावर न येता तुम्ही निवडलेल्या फार्मसीत परस्पर जातात. मे २०२४ मध्ये दर प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड झाला. गोळ्या सात असोत की छप्पन, पैसे तेवढेच. १६ वर्षांखाली आणि ६० वर्षांपुढे फुकट, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बारा महिने फुकट. हे बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते हे: थायरॉइड कमी असल्याने रोज थायरॉक्सिन घेणाऱ्यांना आणि मधुमेहावर औषध घेणाऱ्यांना सर्टिफिकेट मिळतं, आणि मग सगळीच औषधं फुकट होतात. मी तीन वर्षं थायरॉक्सिनचे पैसे भरत होते. शेवटी फार्मसीतल्या गुजराती काकांनी विचारलं, "बेन, फॉर्म का भरत नाही?" सर्जरीतून तो फॉर्म मागून घ्या. ब्लडप्रेशर मात्र या यादीत नाही. बीपीच्या दोन गोळ्या दर महिन्याला लागत असतील तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढा, वर्षाला ११४.५० पौंडांत कितीही औषधं.

रक्ताचा निकाल अ‍ॅपमध्ये येतो. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. सांगितलेली मुदत उलटली की स्वतः विचारा. स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, जीपी पत्र पाठवतो आणि मग महिनोन्‌महिने थांबणं येतं. पत्र खरंच गेलं का, हे दोन आठवड्यांनी विचारून घ्या. कामावर सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा कागद लागत नाही, त्यापुढे ‘फिट नोट’ मागायची.

आई-बाबा राहायला येणार असतील

जीपीकडे त्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी तात्पुरतं नोंदवता येतं, दाखवणं फुकट. पण इमर्जन्सी विभागातून पुढे दाखल करून घेतलं तर व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. विमा काढल्याशिवाय विमानात बसवू नका. आणि गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, शिवाय दोन आठवडे जास्तीच्या, हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. सासूबाईंनी बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवल्या होत्या. बॅग चार दिवसांनी आली. तेवढ्यात सर्जरीत तात्पुरती नोंदणी झाली, पण डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं तेव्हा सासूबाईंचं उत्तर होतं, "ती गुलाबी, छोटी." सुदैवाने सांगलीच्या मेडिकलवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाकिटाचा फोटो पाठवला.